साळवे मास्तरांनी कॉम्प्युटर घेतला

नातीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. आठ दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही. नवा परवडत नाही, जुन्याचा भरवसा नाही. परवा मी बाजेवरून एवढंच म्हणालो, "पैसे द्यायच्या आधी मला दाखवा." तर सून हसली. "आबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

बरोबर आहे. मी चौथी शिकलेला माणूस, तीही पुरी नाही. पण ही सून शाळेत पाटी घेऊन जात असंल तेव्हा मी एका कॉम्प्युटरच्या खरेदीला साक्षीदार म्हणून उभा राहिलोय. साळवे मास्तरांच्या. ते मास्तर कोण आणि त्या कॉम्प्युटरचं काय झालं, हे मला कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतो. शुद्धलेखन कुणाला दुरुस्त करायचं असंल त्यानं करावं. मजकुराला हात लावू नये.

आमचं घर पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून. बापाची मेंढरं होती, माझ्या वेळेला ती कमी कमी होत गेली, कारण चरायच्या माळावर प्लॉटचे दगड पडले. मग मी वाळूजला एका कंपनीत गेटवर वॉचमन म्हणून लागलो. रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची एक खोली होती. आधी त्यात कोकरं कोंडायचो. ती रिकामी पडली तेव्हा मास्तर आले.

सायकलवर आले. कॅरिअरला गोधडीत गुंडाळून, दोरीनं आवळून काहीतरी बांधलेलं. मला वाटलं आजारी पोर आहे की काय. ते टायपिंगचं मशीन होतं. पांढरा शर्ट, कॉलर झिजून उलटी शिवलेली, खिशाला पेन. खोली बघितली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दोन बादल्या पाणी मिळंल का?"

"प्यायला दोन बादल्या?"

"पत्र्यावर टाकायला."

चैताचं ऊन. मी म्हणालो, "अहो, पावसाळ्यात कळंलच की गळतंय का ते."

"पावसाळ्यात कळून काय करू? तेव्हा मी आत असंन आणि मशीन खाली असंल."

स्वतः शिडीनं वर चढले, पाणी ओतलं, खाली येऊन आत मांडी घालून बसले. दोन ठिकाणी थेंब पडले. तिथं जमिनीवर खडूनं गोल काढले आणि म्हणाले, "एवढी दोन बुजवा, मग भाड्याचं बोलू." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी डांबर आणून मीच ती भोकं बुजवली. माझ्या खोलीला कुणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

तो काळ नामांतराचा होता. विद्यापीठाला नाव द्या म्हणणारे एकीकडं, देऊ नका म्हणणारे दुसरीकडं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीच्या काचा. असल्या दिवसांत मी खोली साळव्यांना दिली म्हणून आमच्या पाव्हण्यारावळ्यांत कुजबूज झाली. माझा मेव्हणा तर दारात येऊन म्हणाला, "भागुजी, कुणाला ठेवतोयस, काय इच्यार केलास का?" मी म्हणालो, "खोली माझी, कुलूप माझं. कोकरं ठेवली तवा तू इच्यारायला आला न्हवतास." तो महिनाभर बोलला नाही. मीही नाही. खोली मी मोठ्या मनानं वगैरे दिली नव्हती. कुणी देऊ नको म्हणालं की मला द्यावंसं वाटतं, एवढंच.

तर खोलीत टायपिंगचा क्लास सुरू झाला. एकाची दोन मशीनं झाली, दोनाची सहा. दोन मराठी, चार इंग्रजी. सकाळपासून सांजपर्यंत खटखट, खटखट, मधीच टिंग. पहिल्यांदा माझं डोकं उठायचं. नंतर रविवारी आवाज नसला की चुकल्यासारखं व्हायचं. पडेगावच्या, छावणीच्या, मिटमिट्याच्या पोरी यायच्या. वाळूजला नवनव्या कंपन्या पडत होत्या. एकेका कंपनीच्या ऑफिसात टायपिंगवाली लागायची, आणि मास्तरांच्या हाताखालची पोरगी म्हटलं की घ्यायचे. मास्तरांची मुलगी सुनंदा, हिला आई नव्हती, तीच पोरींना पहिले धडे द्यायची. मास्तर म्हणायचे, "माझ्यामागं हा क्लास सुनंदाचा. तिला कुणाच्या गेटवर उभं राहायला नको." मी गेटवरचाच माणूस. पण मला वाईट वाटलं नाही. गेटवर काय असतं ते मला माहीत होतं.

रविवारी क्लास बंद ठेवून मास्तर मशीनं साफ करायचे. प्रत्येक अक्षराचा खिळा ब्रशनं घासायचे, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचे, तेलाचा थेंब सोडायचे. म्हणायचे, "मशीन बिघडत नसतं, माणूस आळशी असतो."

एकदा कॉलेजची पोरं आली, नामांतराच्या विरोधातली. निवेदन टाइप करून पाहिजे, आत्ताच्या आत्ता. बाकीची दुकानं बंदमुळं बंद होती. मी बाहेरच बसलेलो. आता हे काय करतात म्हणून कान दिला. मास्तरांनी कागद घेतला, वाचला, चष्मा पुसला, आणि बसून सगळं टाइप करून दिलं. एक चूक नाही. तेवढ्यात त्यातल्या एकाची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली आणि तो चाचरला. "मास्तर... तुम्ही... आमचं..."

मास्तर म्हणाले, "टायपिंगची चूक निघाली तर आणा, फुकट करून देईन. मजकुराची चूक तुमची तुम्ही निस्तरा."

पोरं पैसे ठेवून गेली. मी म्हणालो, "मास्तर, तुमच्या जागी मी असतो तर काठी काढली असती."

"म्हणून तुम्ही वॉचमन झालात," ते म्हणाले. हसले नाहीत. ते फारसे हसायचेच नाहीत.

आता त्यांची खरेदी. तिची आख्ख्या पडेगावात चेष्टा होती. माठ घ्यायचा तर त्यात पाणी भरायला लावायचे आणि कुंभाराच्या ओट्यावर बसून राहायचे, बाहेरून घाम फुटेपर्यंत. छत्री दुकानात उघडून वर पाणी मागायचे. चप्पल घ्यायची तर जुनी दुकानदाराकडं गहाण ठेवून नवी घालून चौकापर्यंत जाऊन यायचे. आणि काहीही मोठं घ्यायचं तर सोबत साक्षीदार न्यायचे. बहुतेक वेळा मीच. बिलाचं त्यांना अगत्य नव्हतं. म्हणायचे, "कागद मी दिवसभर टाइप करतो, भागुजीराव. पाहिजे तसा करून देतो. कागदाची किंमत मला माहीतंय. माणूस पाहिजे, डोळ्यांनी बघितलेला."

साक्षीदाराची अट ठरलेली. "बोलायचं नाय, बघायचं. कुणी विचारलं तरच बोलायचं. आणि बघितलं तेवढंच बोलायचं. ऐकलेलं नाय, वाटलेलं नाय."

एकदा मी चिडून म्हणालो, "एवढा साक्षीचा सोस कशाला? खून का करायला चाललोय आपण?"

तेव्हा बोलले. नामांतराचं पहिल्यांदा पेटलं त्या साली ते आपल्या गावात होते, परभणीकडं. तिथंही टायपिंगचं एक मशीन होतं, एक घर होतं. दोन्ही राहिलं नाही. पोलीस पंचनाम्याला आले. घरठाणाचा कागद होता, मशीनची पावती होती. ते पोलिसांनी घेतलं. मग विचारलं, कुणी बघितलं का? आख्खं गाव उभं होतं. ज्यांच्या पोरांचे अर्ज मास्तरांनी फुकट टाइप करून दिले होते, तेही होते. "एक माणूस बोलला नाय, भागुजीराव. वाईट बोलला नाय आणि चांगलंही नाय. सगळे खाली बघत होते." एवढं सांगून त्यांनी चहा मागवला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. जळालं हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. "आमचं गाव सुटलं," असंच म्हणायचे.

मग कॉम्प्युटर आला. म्हणजे आधी त्याचं नाव आलं. आमच्या कंपनीच्या ऑफिसात एक खोली काचेची केली, तिला गार हवेचं यंत्र लावलं, आत जाताना साहेबसुद्धा बूट काढायचे. मला वाटलं देव बसवला. मास्तरांची एक पोरगी तिथं नोकरीला विचारायला आली. टायपिंगला पास, हात पाण्यासारखा. साहेबानं विचारलं, कॉम्प्युटर येतो का? नाही म्हणाली. गेटमधून बाहेर पडताना माझ्यासमोरून डोळे पुसत गेली. दुसरी आली, तेच. तिसरी आली, तेच. मी मास्तरांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. निम्म्या मशीनांवर गोधड्या पडल्या होत्या.

"घ्यावा लागंल," म्हणाले. "नायतर सुनंदाच्या हातात भंगार देऊन जाईन मी."

आधी नव्याच्या दुकानात गेलो, निराला बाजारकडं. आत थंडगार, आम्ही चपला काढून उभे. दुकानातला पोरगा टाय लावलेला. म्हणाला, "कुठल्या कंपनीकडून आलात?"

मास्तर म्हणाले, "माझ्याकडूनच."

त्यानं भाव सांगितला. मी मास्तरांकडं बघितलं. तेवढ्यात पडेगावला प्लॉट यायचा, आणि वर विहिरीला पैसे उरायचे. हप्त्यानं देता का म्हणून विचारलं तर पगाराचा कागद मागितला आणि जामीन मागितला. मास्तरांना पगार नव्हता. मी जामीन राहतो म्हणालो. पोरानं माझ्या वॉचमनच्या खाकी पँटीकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, जामीनदार परमनंट पाहिजे."

"मी जन्मापास्नं इथं हाय," मी म्हणालो. "तू कधी आलास?"

मास्तरांनी माझा दंड धरून बाहेर काढलं.

मग जुन्याचा शोध. कुणीतरी विनोद नावाच्या एकाचा पत्ता दिला. औरंगपुऱ्याच्या एका बोळात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिशीचा असंल. गोड बोलणारा. आल्या आल्या स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. म्हणाला, "मास्तरसाब, कंपनीतून निघालेला माल आहे. एसीत वाढलेलं मशीन, धूळ म्हणून माहीत नाही त्याला. कंपनीनं नवं घेतलं म्हणून हे निघालं, बस. टेन्शनच घेऊ नका."

मास्तरांनी दोन गोष्टी विकल्या होत्या. चार इंग्रजी मशीनांतली दोन, आणि सुनंदाच्या आईच्या पाटल्या. हे मला सुनंदानं नंतर सांगितलं. त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "जमवलंय."

बघणं सुरू झालं. विनोदनं शर्टाच्या खिशातून एक काळी चौकोनी पातळ वस्तू काढली, फ्लॉपी म्हणाला, आणि खोक्याच्या फटीत घातली. खटका दाबला. खोकं गुरगुरलं, पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मास्तर समोर बसले. बाह्या वर केल्या. परीक्षेचा इंग्रजी उतारा त्यांना पाठ होता, तो सबंध मारला. मग प्रत्येक कळ एकेक करून दाबली, मोठी अक्षरं, बारीक अक्षरं, आकडे. एकही कळ अडकली नाही. बंद करायला लावलं, पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा मारलं. मग दुकानाच्या बाहेर जाऊन लांबून आवाज ऐकला. मी बैलबाजारात एवढी तपासणी बघितली नाही.

"लिहिलेलं कशात राहतं?" मास्तरांनी विचारलं.

"आत हार्ड डिस्क आहे ना. पेटी समजा. सगळं त्या पेटीत."

"मग ही फ्लॉपी?"

"ही किल्ली. स्कूटरला असते तशी. किल्लीशिवाय स्कूटर चालू होते का? ही मी तुम्हाला फ्री देतो, माझ्याकडून."

"खोकं उघडून पेटी दाखवा."

विनोदनं खोक्याच्या मागं बोट ठेवलं. तिथं कागदाची पट्टी चिकटवलेली, वर शिक्का, वर सही. "कंपनीचं सील आहे, मास्तरसाब. तोडलं की माझी जबाबदारी संपली. तोडू म्हणत असाल तर आत्ता तोडतो."

सील म्हटल्यावर मास्तर थांबले. सीलबंद परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यांनी किती वर्षं सांभाळलेल्या. सील तोडणं त्यांच्या हातून होणं नव्हतं. म्हणाले, "राहू द्या."

"बिल करू का? बिल केलं तर टॅक्स लागंल."

"बिल नको. हे साक्षीदार आहेत." माझ्याकडं हात केला. विनोदनं मला नमस्कार घातला. फारच वाकून घातला.

हातगाड्यावर गादी टाकून त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी धरून छावणीवरून पडेगावपर्यंत चालत आलो. पुलावर मी म्हणालो, "मास्तर, एक सांगू? त्यानं ती किल्ली फुकट दिली ते मला नाय आवडलं. मेंढी इकताना जो घुंगरू फुकट देतो त्याची मेंढी खोकत असती."

मास्तर थांबले. "हे आत्ता सांगताय?"

"तुम्हीच म्हणला, बोलायचं नाय."

हातगाडीवाला म्हणाला, "चलो भाई, धूप है." आम्ही चालू लागलो.

पाटी रंगवून आली, 'टायपिंग व कॉम्प्युटर'. आणि खरं सांगतो, ते काही आठवडे चांगले गेले. पोरी परत आल्या. एकेकीला पाळीपाळीनं बसवायचे, चपला बाहेर. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं, मशीनला गार वाटावं म्हणून. सुनंदा इतकी भराभर शिकली की मास्तरांनाच शिकवायची. "नाना, तो बाण वर न्या. वर म्हणजे वर!" आणि मास्तर, ज्यांना उभ्या जन्मात कुणी बोट दाखवून शिकवलं नव्हतं, ते मान खाली घालून बाण वर न्यायचे. सगळं लिहिलेलं त्या फ्लॉपीतच राहायचं. पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक, कशात राहतंय? रोज सकाळी मास्तर लोखंडी पेटीतून फ्लॉपी काढायचे, संध्याकाळी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचे, किल्ली ठेवावी तशी.

मग एक रविवार आला. मास्तरांनी नेहमीप्रमाणं टायपिंगची मशीनं घासायला घेतली. ती झाल्यावर त्यांचं लक्ष फ्लॉपीकडं गेलं. तिला मधी एक उघडी खिडकी असते, आत तपकिरी चकती दिसते. त्या चकतीवर कुणाच्या तरी बोटाचा तेलकट ठसा होता. वीस वर्षं खिळ्यांवरची घाण काढलेला हात तो. त्यांनी बोळा रॉकेलमध्ये बुडवला, पिळला, आणि बोटानं चकती हळूहळू फिरवत सगळी पुसून काढली. वर फुंकर घातली. उन्हात धरून बघितली. चकचकीत झाली होती. मी समोर बसून बघत होतो. मलाही ती चांगलीच वाटली.

सोमवारी खटका दाबला. गुरगुर झाली, खरखर झाली, पडद्यावर एक ओळ आली आणि तिथंच थांबली. सुनंदानं वाचली. चकती बरोबर नाही, दुसरी घाला, असं काहीतरी. मास्तर म्हणाले, "किल्ली गेली तर जाऊ दे. लिहिलेलं आतल्या पेटीत असंल."

आमच्या कंपनीतल्या काचेच्या खोलीतल्या एका साहेबाला मी हातापाया पडून घेऊन आलो. चांगला माणूस. त्यानं सील तोडलं. मास्तरांनी तेवढ्यापुरती मान वळवली. साहेबानं खोकं उघडलं, बॅटरी मारली, आणि म्हणाला, "हार्ड डिस्क नाहीये यात."

"बिघडलीय?"

"नाहीये. काढून घेतलीय. ही बघा जागा." चार स्क्रूंची भोकं होती, आणि मधी कोळ्याचं जाळं. "हे आत्तापर्यंत फ्लॉपीवरच चालत होतं. फ्लॉपी होती तोवर." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "जुनं घेताना खोकं उघडून घ्यायचं असतं, काका. आणि फ्लॉपी काढून चालू करून बघायचं. आणि बिल." हे त्यानं तेव्हा सांगितलं. तोवर आमचं सगळं घेऊन झालं होतं.

औरंगपुऱ्याला गेलो. विनोद ओळख देईना आधी, मग दिली. बोळातली चार माणसं जमली. मास्तर शांतपणे बोलले, पेटी नाही, सील खोटं, पैसे परत द्या. विनोद आवाज चढवून म्हणाला, "मी चालू मशीन दिलं. दोनदा चालू करून घेतलं यांनी, आख्खा निबंध मारला त्यावर! घरी नेऊन काय केलं मला काय माहीत? साक्षीदार आणला होता ना? विचारा की साक्षीदाराला!" आणि तो माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही सांगा. चालू होतं का नव्हतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मास्तरही.

मी म्हणालो, "चालू होतं."

"बघा!"

"पण आत पेटी हाय असं तू म्हणाला होतास."

"पेटी तुम्ही बघितली का?"

"नाय बघितली."

"मग?"

मग काय? बघितलं तेवढंच बोलायचं. एकजण म्हणाला, जाऊ द्या हो, जुन्या मालाला कुठं गॅरंटी असते. दुसरा म्हणाला, साक्षीदारच म्हणतोय चालू होतं. लोक पांगले.

पुष्कळांनी मला नंतर बोल लावला. सुनंदासुद्धा म्हणाली, "मामा, एक डाव खोटं बोलला असता तर काय झालं असतं?" मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. खोटं बोलायचं असतं तर मास्तरांनी मला कशाला नेलं असतं? खोटं बोलणारे ढीग होते. आज विचारलं तरी मी तेच सांगीन.

परतताना मास्तर पुलावर थांबले. मग म्हणाले, "बरोबर बोललात तुम्ही, भागुजीराव." थोडं चालले. "आमच्या गावात असा एकजण असता..." मला वाटलं पुढं बोलतील. घर आलं.

त्यानंतर त्यांनी कसल्याही खरेदीला साक्षीदार नेला नाही. खरेदीच केली नाही म्हणा. दुसरी फ्लॉपी आणून चालवता येईल असं तो साहेब म्हणाला होता. पण कॉम्प्युटरला हात लावायला मास्तर तयार नव्हते. सुनंदानं लई विनवलं. "नाना, मी करते. तुम्ही नुसतं बसा." ते म्हणायचे, "नको. माझ्या हातानं गेलंय ते." पोरी शहरातल्या क्लासला जायला लागल्या. तिथं म्हणे ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले. बसचा पास काढून जायच्या, आमच्या दारावरून. मास्तर आत असायचे. खटखट नाही, टिंग नाही.

सुनंदा वाळूजला औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळची पाळी. पहिल्या दिवशी ती माझ्याच गेटसमोरून कंपनीच्या बसमधून गेली. खिडकीशी उभी, बसायला जागा नव्हती. मी हात वर केला. तिनं बघितलं नाही, का बघायचं नव्हतं.

त्या जानेवारीत नामांतर झालं. शहरात पोलीसच पोलीस, आणि गल्लीगल्लीत गुलाल, निळे झेंडे. इतक्या वर्षांनी झालं. मास्तर धुतलेला शर्ट घालून माझ्याकडं आले, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या हातावर एक ठेवला, कारभारणीला एक दिला. माझा मेव्हणा तिथंच होता. त्याच्याही पुढं पुडा धरला. त्यानं खाली बघत घेतला.

मी म्हणालो, "मिळालं की नाव, मास्तर! मग तोंड असं का?"

"नाव मिळालं," ते म्हणाले. "लई माणसं गेली त्यापायी. मिळालं ते चांगलं झालं." मग पुडा नीट बांधत म्हणाले, "विद्यापीठाची पाटी आज चढली. माझी उद्या उतरवतो. शिडी लागंल तुमची."

उतरवली. मी शिडी धरली. खोली रिकामी करून बाप-लेक कुठंतरी मुकुंदवाडीकडं राहायला गेले. मी भाडं पुढं मागितलं नव्हतं, त्यांनी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चुकतं केलं.

मी त्यांना एकदाच बघितलं, उन्हाळा लागताना. छावणीच्या आठवडी बाजारात एक पाट घ्यायला गेलो होतो. पाट म्हणजे बकरीचं मादी पिल्लू, माझ्या पोराला, म्हणजे नातीच्या बापाला, पुढं दुधाला बकरी पाहिजे होती. बकऱ्यांच्या ओळीच्या पलीकडं जुन्या मालवाले बसतात, कुलपं, नळ, फुटके पंखे घेऊन. त्यात मास्तर बसले होते. समोर गोधडीवर कॉम्प्युटर मांडलेला, पडदा, खोकं, कळांची पाटी. पुसून लख्ख.

एक शेतकरी गडी वाकून बघत होता. "चालू हाय का, बाबा?"

"नाय."

"काय झालंय त्याला?"

मास्तरांनी शांतपणे सगळं सांगितलं. आत पेटी नाही, ती आधीच काढलेली होती. फ्लॉपी होती, ती त्यांच्याच हातानं खराब झाली. पडदा लागतो. कळा सगळ्या चांगल्या आहेत, एकही अडकत नाही. सील तुटलेलं आहे.

गडी हसला. "असं सांगून कोण घील हो?"

"सांगितल्याशिवाय मी देणार नाय."

तो गेला. दुसरा आला, त्यालाही तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. तोही गेला. मी पाटाची दोरी धरून उभा होतो. जवळ जावं का नाही, ते मला कळेना. जाऊन काय विचारणार होतो, भाव?

मग एक वायरमन आला, पिशवीत पक्कड, पाना. त्यानं खोकं बघितलं नाही, पडदा बघितला नाही. मागची जाड काळी वायर हातात धरून म्हणाला, "एवढी वायर देता का? सुटी?"

मास्तरांनी दोन्ही टोकं उपसली, शर्टाच्या बाहीनं सगळी पुसली, वेटोळं करून त्याच्या हातात दिली.